चेक इंजिनचा दिवा: कोड न पुसता झाकणापर्यंत

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि पुढे बरेच दिवस तो लागलेलाच राहिला. दुरुस्ती म्हणाल तर शेवटी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची निघाली. पण त्या झाकणापर्यंत मी कशी पोचले ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण वाटेत जवळजवळ प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला: गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसून टाक, दिवा जाईल. तो सल्ला मी मानला नाही, आणि मानला नाही म्हणूनच पेट्रोलच्या वाफेची गळती नेमकी कुठून होतेय ते कळलं.

दिवा लागला तेव्हा गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालली होती. झटका नाही, आवाज नाही, पिकअपमध्ये फरक नाही. अशा वेळी सगळ्यात आधी बघायचं ते हे की दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय. लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा इंजिनात मिसफायर होत असतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल थेट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. तिथे ते पेटतं, कन्व्हर्टर बेसुमार तापतो आणि कायमचा खराब होऊ शकतो. तेव्हा वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी हे बरं. माझा दिवा स्थिर होता. तापमानाचा काटा जागेवर होता, ऑइलचा लाल दिवा लागलेला नव्हता. त्यामुळे मी न थांबता सावकाश घरी आले. एक गोष्ट मात्र उतरल्यावर जाणवली: गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा अगदी पुसट वास येत होता.

हा दिवा म्हणजे बिघाडाचं नाव नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करावं लागतं. इंजिनाचा कंप्युटर धुरावर आणि वाफांवर परिणाम करू शकणाऱ्या शेकडो गोष्टींवर नजर ठेवून असतो, आणि त्यातली कुठलीही बिनसली तरी तोच एक दिवा लावतो. काय बिनसलं ते त्याच्या स्मरणात कोडच्या रूपात असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना ओबीडी-२ ही गाडीने स्वतःच बिघाड तपासून नोंदवण्याची पद्धत सक्तीची झाली, आणि पुढे जगभर तिच्यासारख्याच पद्धती आल्या. त्याचा आपल्याला झालेला सर्वांत मोठा फायदा म्हणजे डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर असलेलं सोळा पिनांचं एकसारखं सॉकेट. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर माझ्याकडे होता. फोनवर ॲप उघडलं, चावी ऑनवर फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, आणि वाचायला बसले.

कोड आला: पी ०४५५. इव्हॅप यंत्रणेत मोठी गळती.

इव्हॅप म्हणजे काय, ते थोडं सांगायलाच हवं, कारण ते समजल्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही. पेट्रोल साध्या तापमानालाही सतत उडत असतं. टाकीत द्रव पेट्रोलच्या वर त्याची वाफ साचते. ही वाफ पूर्वी टाकीच्या आणि कार्ब्युरेटरच्या फटींतून सरळ हवेत जायची. आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर काम करताना दाखवून दिलं की अशा हायड्रोकार्बन वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरतात, फुप्फुसांना त्रास होतो तो त्याच्यामुळे. शिवाय पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असतं, आणि बेंझीनमुळे कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. म्हणून १९७० नंतरच्या काळात गाड्यांमध्ये कॅनिस्टर आला: सक्रिय कोळशाने भरलेला डबा. टाकीतली वाफ नळीने या डब्यात येते आणि कोळशाच्या कणांना चिकटून बसते. इंजिन गरम होऊन नीट चालू लागलं की कंप्युटर डबा आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या ओढीने डब्यातून ताजी हवा खेचली जाते आणि तिच्याबरोबर सुटलेली वाफ सिलिंडरमध्ये जाऊन जळते. जे हवेत जाऊन कुणाच्या तरी श्वासात गेलं असतं, ते गाडी चालवायला वापरलं जातं. ही यंत्रणा मला मनापासून आवडते. दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि रोज काम करते.

ती गळत नाही ना, याची परीक्षा कंप्युटर स्वतः घेतो. एक सर्रास वापरात असलेली पद्धत अशी: डब्याला बाहेरची हवा देणारा व्हेंट व्हॉल्व्ह बंद करायचा, पर्ज व्हॉल्व्ह उघडून इंजिनाच्या ओढीने टाकीत थोडा निर्वात करायचा, मग पर्जही बंद करून टाकीवरच्या दाबाच्या सेन्सरकडे बघत बसायचं. निर्वात टिकला तर यंत्रणा घट्ट. हळूहळू उतरला तर कुठेतरी बारीक भोक. मुळात निर्वात तयारच झाला नाही, तर मोठी गळती. काही गाड्या हीच परीक्षा इंजिन बंद केल्यावर घेतात, टाकी निवताना दाब आपोआप बदलतो त्याचा आधार घेऊन. काहींत त्यासाठी वेगळा छोटा पंप असतो.

यावरून कोडांची भाषा उलगडते. पी ०४५५ मोठ्या गळतीचा. पी ०४४२ लहान गळतीचा, साधारण एक मिलिमीटर भोकाएवढ्या. पी ०४५६ अतिसूक्ष्म गळतीचा, अर्ध्या मिलिमीटरच्या. आणि पी ०४५७ हा झाकण सैल आहे किंवा नाहीच, यासाठी राखलेला. पी ०४५७ आला असता तर गोष्ट पाच मिनिटांत संपली असती, असं वाटू शकतं. पण टाकी भरल्याचं लक्षात आल्यानंतर लगेच मोठी गळती सापडली, तरच बऱ्याच गाड्या तो देतात. इतरांच्या बाबतीत झाकणाचाच दोष पी ०४५५ म्हणून येतो. म्हणून मोठ्या गळतीचा कोड दिसला की झाकणावर संशय घ्यायचा, पण ठपका ठेवायचा नाही.

कोडबरोबर कंप्युटर आणखी एक गोष्ट जपून ठेवतो: फ्रीझ फ्रेम. दोष नोंदवला त्या क्षणी इंजिनाची गती किती होती, कूलंट किती गरम होतं, गाडीचा वेग किती, टाकीत पेट्रोल किती, अशी आकड्यांची एक ओळ. कोड पुसला की तीही जाते. माझ्या फ्रेममध्ये पेट्रोल ८० टक्क्यांच्या आसपास होतं आणि कूलंटचं तापमान आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या जवळपास होतं. दुसऱ्या आकड्याचा अर्थ गाडी रात्रभर उभी राहून नुकतीच सुरू झाली होती. पहिल्याचा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटला. त्याआधी बरेच दिवस टाकी अर्ध्याच्या खाली होती, मग ती भरली होती. म्हणजे भरल्यानंतर परीक्षेला मिळालेली पहिली किंवा दुसरी संधी ही असावी. कंप्युटर सहसा एका नापासावर दिवा लावत नाही. पहिल्यांदा पेंडिंग, म्हणजे तात्पुरता, कोड ठेवतो, आणि लागोपाठच्या दुसऱ्या परीक्षेतही तेच झालं तर दिवा लावतो. त्यामुळे दिवा लागला त्या दिवशी काय घडलं हे आठवत बसण्यात अर्थ नसतो. त्याच्या काही दिवस आधी काय बदललं ते शोधायचं. आणि पेट्रोल भरताना या सगळ्या यंत्रणेत एकच वस्तू हातात येते.

आकड्यांचे फोटो काढून ठेवले आणि आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेल्या, आता निवृत्त असलेल्या एका काकांना फोन केला.

"काका, पी ०४५५ आलाय. मोठी गळती म्हणतोय."

"झाकण उघडलंस?"

"नाही, अजून हात नाही लावला. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

"हे बरं केलंस. आता टॉर्च घे आणि ते कसं बसलंय ते नीट बघ. उघडायचं नाही. एकदा उघडून घट्ट केलंस की पुरावा गेला, मग झाकण सैल होतं की नव्हतं यावर नुसती चर्चा. आणि कोड पुसू नकोस. कुणी कितीही सांगितलं तरी."

इंटरनेटवर, ओळखीपाळखीत, सगळीकडे जो पहिला उपाय सांगतात तो म्हणजे झाकण काढा आणि पुन्हा घट्ट लावा. उपाय चुकीचा नाही. पण त्यात आधी बघणं राहून जातं, आणि झाकण बसलेलं कसं होतं हे नंतर कुठलाही स्कॅनर सांगू शकत नाही.

मी टॉर्च घेऊन बघितलं. झाकण वरवर पाहता लावलेलंच होतं. पण त्याची कड एका बाजूला किंचित वर होती. जवळून पाहिल्यावर दिसलं की झाकण पडू नये म्हणून जी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती पिळून झाकणाच्या कडेखाली, टाकीच्या तोंडाच्या ओठावर अडकली होती. झाकण हलकेच हलवलं तर हललं. पेट्रोल भरून झाल्यावर ते टक-टक आवाज येईपर्यंत फिरवलेलं होतं, याबद्दल शंका नव्हती. तरी ते सैल होतं.

इथे मी बराच वेळ थांबले, कारण हे कसं शक्य आहे ते समजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. तो टक-टक आवाज येतो झाकणाच्या आतल्या रॅचेटमधून. ठरावीक जोर लागला की रॅचेट निसटतो आणि आवाज येतो, म्हणजे कुणी झाकण गरजेपेक्षा जास्त आवळू नये. पण रॅचेटला फक्त जोर कळतो. तो जोर रबरी सील दाबण्यात लागला की मधे आलेली पट्टी चिरडण्यात, हे त्याला कळायचं कारण नाही. माझ्या बाबतीत फिरवण्याचा जोर पट्टीने खाल्ला होता. आवाज आला, सील मात्र एका बाजूला ओठावर टेकलंच नाही. झाकण लावण्याची सूचना जिथे तिथे "आवाज येईपर्यंत फिरवा" एवढीच असते. मला वाटतं तिच्यात "पट्टी बाजूला घेऊन" हे तीन शब्द घालायला हवेत.

फोटो काढला. मग झाकण उघडलं, पट्टी सोडवून तिच्या खाचेत बसवली, टाकीच्या तोंडाची कड कोरड्या कापडाने पुसली. कडेवर गंज असेल किंवा खड्डे पडले असतील तर नवं झाकणसुद्धा तिथे गळतं, म्हणून तीही बोट फिरवून तपासली. गुळगुळीत होती. झाकण सरळ धरून फिरवलं, आवाज येऊ दिला, आणि या वेळी कड सगळीकडून सारखी बसल्याचं डोळ्यांनी पाहिलं. हे सगळं इंजिन बंद ठेवून, उघड्या हवेत, आणि जवळपास कुठेही ज्योत किंवा ठिणगी नसताना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि अनपेक्षित जागी पेट घेते.

त्या दिवशी मी एवढंच केलं. नवीन झाकण आणलं नाही, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे निकाल कशाचा ते कळतं.

दिवा अर्थातच विझला नाही. तसा तो विझणारही नव्हता. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, आणि मग झाकण निर्दोष ठरवून लोक महागडे व्हॉल्व्ह बदलायला निघतात. झाकण घट्ट झालं ही बातमी कंप्युटरला त्याच्या पुढच्या परीक्षेतच कळते, आणि परीक्षा पास झालेल्या लागोपाठ तीन फेऱ्यांनंतरच तो दिवा विझवतो. आता ही परीक्षा हवी तेव्हा होत नाही. टाकीत पेट्रोल साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असावं लागतं, कारण भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते आणि रिकाम्या टाकीत वाफेचं आकारमान फार मोठं होतं. गाडी कित्येक तास उभी राहून पूर्ण थंड झालेली हवी. बाहेर फार थंडी किंवा फार उष्मा नको. रस्ता असा हवा की पेट्रोल टाकीत फार हिंदकळणार नाही. नेमके आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, पण या सगळ्या अटी एकाच सकाळी जुळून यायला वेळ लागतो. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला तर जास्तच.

या वाट पाहण्याच्या काळात एका गॅरेजमध्ये दुसऱ्या कामासाठी जाणं झालं. तिथल्या माणसाने दिवा पाहिला आणि आपुलकीनेच म्हणाला, "ताई, दोन मिनिटांत घालवतो की. कोड उडवला की झालं." मी नको म्हटलं, आणि का ते त्यांना सांगितलं. कोड पुसल्यावर फक्त तो कोड जात नाही. कंप्युटरच्या सगळ्या परीक्षांची तयारी-नोंद, जिला रेडिनेस मॉनिटर म्हणतात, ती शून्यावर येते. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इव्हॅप, सगळ्यांसमोर "अपूर्ण" लिहिलं जातं. दिवा विझलेला दिसतो, पण त्याचा अर्थ "दोष नाही" असा नसून "अजून तपासलं नाही" असा असतो. धुराच्या तपासणीला गाडी नेली आणि मॉनिटर अपूर्ण निघाले, तर जिथे अशी तपासणी ओबीडीवरून होते तिथे गाडी परत पाठवतात. शिवाय साधारण २०१० च्या मॉडेलपासून अमेरिकी नियमांप्रमाणे बनलेल्या गाड्यांत परमनंट कोड नावाचा प्रकार आला. तो कुठल्याही स्कॅनरने पुसता येत नाही, बॅटरी काढली तरी जात नाही. संबंधित परीक्षा प्रत्यक्ष पास झाली की कंप्युटर स्वतःच तो काढतो. माझ्या गाडीत तो होता, आणि मला तो हवाच होता. माझी दुरुस्ती खरी की भासमान, हे सांगणारा निःपक्षपाती साक्षीदार तोच होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाला दिवा गेलेलाच हवा असतो." तेही खरंच आहे. गिऱ्हाइकाने घाई केली नाही तर मेकॅनिकलाही नीट शोधता येतं.

टाकी पाऊण झाली, मग अर्ध्याकडे आली. मी अधूनमधून सकाळी निघण्याआधी स्कॅनर लावून पेंडिंग कोड बघत होते. टाकीतल्या दाबाचा आकडाही ॲपमध्ये दिसायचा, पण त्यावरून काही ठरवू नये असं काकांनी बजावलं होतं. चालत्या गाडीत व्हेंट व्हॉल्व्ह बहुतेक वेळ उघडाच असतो, त्यामुळे झाकण घट्ट असो की सैल, दाब शून्याच्या जवळच घोटाळतो. परीक्षेच्या त्या थोड्या मिनिटांतच त्या आकड्याला अर्थ असतो. झाकण उघडताना फुस्स आवाज आला नाही म्हणजे गळती आहे, हाही असाच एक कच्चा निष्कर्ष. तो आवाज तापमानावर आणि व्हेंटच्या स्थितीवर अवलंबून असतो.

मग एका सकाळी पेंडिंगच्या जागी नवीन कोड दिसला: पी ०४५६. अतिसूक्ष्म गळती.

दिवा अजून लागलेलाच होता. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बघ, काही फरक पडला नाही. मला मात्र त्या सकाळी मनापासून आनंद झाला. मोठी गळती गेली होती! टाकीत निर्वात आता तयार होत होता, म्हणजे झाकणाचा मोठा दोष खरा होता आणि तो दूर झाला होता. फक्त निर्वात पुरेसा टिकत नव्हता. उरलेलं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं. कोड पुसला असता किंवा पहिल्याच दिवशी झाकण, पर्ज व्हॉल्व्ह आणि नळ्या एकदम बदलल्या असत्या, तर हा मधला टप्पा मला कधीच दिसला नसता.

काकांना कळवलं. ते म्हणाले, "पट्टी किती दिवस अडकलेली होती ते आपल्याला माहीत नाही. रबर दाबून ठेवलं की त्याला वळ पडतो. सील बघ, भिंग घेऊन बघ."

मी झाकण काढून सील उजेडात धरलं. जिथे पट्टी दाबली गेली होती, तिथे रबरावर आडवी, बारीक पन्हळ उमटली होती. बोटाने ताणल्यावर तिच्या तळाशी केसाएवढी चीरही दिसली. बाकीचं सील सपाट, कडक झालेलं. पेट्रोलच्या वाफा आणि ऊन यांनी रबर वर्षांगणिक ताठर होत जातं, मग ते कडेच्या उंचसखलपणाशी जुळवून घेत नाही. सीलवर जरासं ग्रीस लावून काही दिवस काम भागतं, असं सांगणारे भेटतात. सगळं ग्रीस पेट्रोलला टिकत नाही, आणि चीर त्याने सांधत नाही. मी तो नाद केला नाही.

झाकण बदलायचं ठरलं, पण दिसायला सारखं असलेलं कुठलंही झाकण चालत नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. झाकणात फक्त आटे आणि सील नसतं. त्यात एक छोटा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. टाकीत फार निर्वात झाला तर तो बाहेरची हवा आत घेतो, दाब फार वाढला तर बाहेर सोडतो. तो किती दाबाला उघडावा हे त्या त्या यंत्रणेप्रमाणे ठरलेलं असतं. जुन्या गाड्यांची काही झाकणं मुळातच हवा आत-बाहेर होऊ देणारी असतात. तसं झाकण इव्हॅप असलेल्या गाडीला आट्यांत बसलं तरी ते कायमची गळतीच आहे. उलट, हवा घेण्याची सोय झाकणातच असलेल्या जुन्या गाडीला पूर्ण बंद झाकण लावलं, तर पेट्रोल संपत जाईल तसा टाकीत निर्वात वाढतो, इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं, आणि टाकी आत चेपली जाण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून मी माझ्या गाडीचा पार्ट नंबर पुस्तिकेतून काढला आणि त्याच नंबरचं झाकण घेतलं. काही नव्या गाड्यांना झाकणच नसतं, स्प्रिंगचा पडदा असतो. तिथे पडद्याच्या सीलमध्ये कचरा अडकला की हाच सगळा प्रकार होतो, आणि बघायची जागाही तीच.

नवं झाकण लावलं आणि पुन्हा वाट पाहिली. या वेळी वेळ आणखी लागला, कारण सूक्ष्म गळतीच्या परीक्षेच्या अटी मोठ्या गळतीपेक्षा कडक असतात. पेट्रोल भरताना नोझल आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं, हे या काळात विशेष पाळलं. त्यानंतर थेंबथेंब भरत राहिलं तर द्रव पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरपर्यंत पोचू शकतं, आणि पेट्रोलने भिजलेला कोळसा वाफ धरून ठेवू शकत नाही. म्हणजे झाकणाचा शोध चालू असताना आपणच दुसरा बिघाड तयार करायचा.

झाकण निर्दोष निघालं असतं तर पुढचा क्रमही मी काकांशी बोलून ठरवून ठेवला होता. पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरते, कारण इंजिनात नको तेव्हा वाफ जाते. माझ्या गाडीत तसं लक्षण नव्हतं. व्हेंट व्हॉल्व्ह बहुधा गाडीच्या मागच्या खालच्या बाजूला असतो, तिथे धूळ आणि चिखल जातो. कोळ्यांची जाळीसुद्धा. एका मोटार कंपनीला २०११ मध्ये कोळ्यांनी व्हेंटच्या नळीत केलेल्या जाळ्यांमुळे हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, हे ऐकून मी आधी विश्वासच ठेवला नव्हता. त्यानंतर नळ्यांच्या जोडण्या, आणि सगळ्यात शेवटी स्मोक टेस्ट: यंत्रणेत अगदी कमी दाबाने पांढरा धूर भरायचा आणि तो कुठून निघतो ते टॉर्चने शोधायचं. हे काम त्यासाठीच्या यंत्रानेच करावं. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर लावला तर तो दाब टाकीच्या सेन्सरला आणि सीलना झेपत नाही.

ती वेळ आली नाही. काही दिवसांनी पेंडिंगचा रकाना रिकामा दिसला, आणि मग एका सकाळी गाडी सुरू केल्यावर पिवळा दिवा नेहमीप्रमाणे क्षणभर लागून विझला, परत लागला नाही. मला तेवढ्यावर समाधान मानायचं नव्हतं. ॲपमध्ये मोड ६ नावाचा भाग असतो, तिथे परीक्षांचे निकाल नुसते पास-नापास असे नसतात. मोजलेली किंमत आणि तिची मर्यादा असे दोन्ही आकडे शेजारी दिसतात. इव्हॅपच्या वेगवेगळ्या ओळी असतात: मोठ्या गळतीची, एक मिलिमीटरची, अर्ध्या मिलिमीटरची. जुन्या झाकणाच्या वेळी काढलेल्या फोटोत अर्ध्या मिलिमीटरच्या ओळीतला आकडा मर्यादेच्या थोडासाच पलीकडे होता. नव्या झाकणानंतर तो मर्यादेच्या बराच अलीकडे, सुरक्षित बाजूला आला होता. काठावर पास झालेली दुरुस्ती आणि खरोखर झालेली दुरुस्ती यांतला फरक इथे कळतो, आणि हे पान उघडून बघायची सवय अधिक लोकांना लागावी असं मला फार वाटतं.

दोन्ही फोटो काकांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

"परमनंट कोड बघितलास?"

"बघितला काका. गेलाय. इव्हॅपचा मॉनिटरही पूर्ण दाखवतोय."

"मग झालं. साठवलेला जुना कोड अजून दिसेल काही काळ. इंजिन चाळीसेक वेळा थंडचं गरम झालं की आपोआप जाईल. त्यालाही हात लावू नकोस."

लावला नाही. तो त्याच्या वेळेने गेला.